आकडा बदलला, भिंत तिथंच राहिली

आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समन सिव्हिल, म्हणजे बांधकामाची ड्रॉइंग काढायचा कोर्स, त्याची दोन वर्षं करून मी साताऱ्यात एका आर्किटेक्टकडे लागलो. डिझाइन सरांचं, रेषा माझ्या, अशी वाटणी मी मनात करून ठेवली होती. या कामात नव्यानं येणारी बहुतेक मुलं हीच समजूत घेऊन येतात, म्हणून हे लिहितोय.

प्लॅन (वरून दिसणारा नकाशा), सेक्शन (घर उभं कापल्यासारखा छेद), एलिव्हेशन (बाहेरून दिसणारी बाजू) तुम्हाला येतंच. मंजुरीचं ड्रॉइंग वेगळं, साइटवर बांधायला द्यायचं वर्किंग ड्रॉइंग वेगळं, हेही माहीत असेल. मी जिथं अडकलो तेवढंच सविस्तर सांगतो.

एका बंगल्याच्या प्रिंटवर सरांनी पेन्सिलनं खूण केली : बाथरूम १२०० ऐवजी १३५० मिलिमीटर रुंद. संध्याकाळ झाली होती, ठेकेदार प्रिंटसाठी दारात उभा. भिंत सरकवायची म्हणजे खिडकी, शेजारची बेडरूम, सेक्शन, सगळंच हलवायला हवं. मी ऑटोकॅडमध्ये, म्हणजे ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, डायमेन्शनवर (रेषेशेजारच्या मापाच्या आकड्यावर) डबल क्लिक केलं, १२०० च्या जागी १३५० टाइप केलं आणि प्रिंट दिली. रेषा उद्या सरकवू म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुसरंच काम आलं आणि ते राहून गेलं.

आता हे नीट वाचा. आपल्या कामाचे वाचक दोन. साइटवरचा माणूस आकडा वाचतो. शीटवर आपणच टीप टाकतो की लिहिलेलं माप धरा, पट्टी लावून मोजू नका. आरसीसी कन्सल्टंट, म्हणजे कॉलम-बीमचं डिझाइन करणारा इंजिनिअर, मात्र आपली फाइल उघडतो आणि आपल्या रेषांवर कॉलम बसवतो. त्यावरून सेंटरलाइन (कॉलमच्या मध्यरेषांचं ड्रॉइंग) निघते, तिच्यावरून लाइनआउट, म्हणजे जमिनीवरची आखणी होते. माझ्या फाइलमध्ये रेषा १२०० वर होती, आकडा १३५० चा. कॉलम रेषेप्रमाणं उभे राहिले, भिंत गवंड्यानं आकड्याप्रमाणं बांधली. दोघांचंही काम चोख. चुकलो होतो मी. सबंध १५० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ सहा इंच, कॉलम बाथरूममध्ये घुसला होता. मी टेप लावला. कॉलमपाशी माप भरलं बरोबर १२००.

मालक तिथंच उभे होते. ते म्हणाले, "अहो, आईचा वॉकर इथंच वळायचा होता." बाथरूम कुणासाठी रुंद केलं हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. कॉलम काही हलवता येत नाही. शेवटी नवी बांधलेली भिंत फोडून दार दुसऱ्या टोकाला नेलं.

एका बेरजेत हे सापडलं असतं. प्लॅनवर त्या ओळीतली भिंती-खोल्यांची मापं अशी : २३०, ३३००, १५०, १२००, १५०, ३७४०, २३०. बेरीज ९०००, बाहेरचं एकूण मापही तेवढंच. १३५० घातलं की बेरीज ९१५०. कॅल्क्युलेटरवर अर्धं मिनिट लागतं, मी ते दिलं नाही. फाइल दुसऱ्याकडून आली असेल तर डायमेन्शन निवडून प्रॉपर्टीजमध्ये 'टेक्स्ट ओव्हरराइड' बघा. तिथं काही लिहिलेलं असेल तर पुसा, खरं माप आपोआप परत येतं. आकडा हातानं लिहायचा नाही. घाई असली तरी नाही, सर म्हणाले तरी नाही. ठेकेदार चिडला तर चिडू दे.

तयार ब्लॉक (आधी काढून साठवलेली चित्रं) आणि जुन्या फाइलमधला जिना चिकटवणं याबद्दलही माझं मत कडक आहे. मजल्याची उंची ३००० असेल तर अठरा चढांत (चढ म्हणजे पायरीची उंची) एकेक १६७ च्या आसपास येतो. ३१५० झाली की १७५. चिकटवलेल्या जिन्याला हे माहीत नसतं.

ऑटोकॅडच्या तीन महिन्यांच्या क्लासमध्ये कमांड येतात, त्या शिकाच. पण मला मापं कळली ती साइटवरच्या एका मिस्त्रींमुळं. १३५० म्हटलं की ते तोंडी सांगायचे, चार फूट पाच इंच एक सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. वर्षभर नुसतं कॉम्प्युटरपुढं बसवणारं ऑफिस असेल तर रविवारी स्वतःहून साइटवर जा.

एवढं वाचून घाबरू नका. मला सरांनी काढून टाकलं नाही. उलट मालकांबरोबरच्या बैठकीत मागच्या खुर्चीवर बसवायला लागले. तिथं भिंत का सरकतेय ते ऐकू येतं. डिप्लोमा नाही म्हणून तिथं गप्प बसू नका, हे मनापासून सांगतो. परवा एका आजोबांच्या खोलीचं ड्रॉइंग करताना बाथरूमचं दार आत उघडत होतं. आजोबा आत पडले तर दार त्यांनाच अडणार. मी सरांना विचारलं, बाहेर उघडणारं करू का? त्यांनी पेन्सिल माझ्याकडं दिली.