स्पॅरो वॉलेट स्वतःच्या नोडला जोडताना

स्पॅरो हे बिटकॉइनचं वॉलेट-सॉफ्टवेअर. ते सार्वजनिक सर्व्हरला जोडलेलं असेल, तर तुमचे सगळे पत्ते एकाच माणसाचे आहेत हे तो सर्व्हर चालवणाऱ्याला कळतं. स्वतःचा नोड (बिटकॉइनचे व्यवहार स्वतः तपासणारा संगणक) असला की पत्त्यांची ही चौकशी घराबाहेर जात नाही.

नोड चालवणाऱ्या ‘बिटकॉइन कोअर’ या प्रोग्रामसाठी किमान १ टीबीची एसएसडी घ्या. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर पहिलं सिंक (आजवरचे सगळे ब्लॉक उतरवून तपासणं) फार रखडतं. रॅम ८ जीबी असेल तर सिंकपुरता डेटाबेस कॅश ४ जीबी करा. कोअरच्या सेटिंगमध्ये आरपीसी सर्व्हर (इतर प्रोग्रामना कोअरशी बोलू देणारी सोय) चालू करून कोअर पुन्हा सुरू करा. मग स्पॅरोच्या सर्व्हर सेटिंगमध्ये ‘बिटकॉइन कोअर’ निवडा, पत्ता १२७.०.०.१ (म्हणजे हाच संगणक), पोर्ट ८३३२, आणि जोडणी तपासा. खालचं बटण हिरवं दिसलं पाहिजे. पिवळं म्हणजे अजून सार्वजनिक सर्व्हरच.

जुने व्यवहार दिसत नसतील तर बहुधा नोड प्रून केलेला (जागा वाचवायला छाटलेला) असतो: त्या व्यवहारांचे ब्लॉक पुसले गेलेत, मग स्कॅन कशाचं करणार?

राउटरवर ८३३२ कधीही उघडू नका. इतर नोडसाठी ८३३३ असतो.

आधी उघड झालेले पत्ते मात्र उघडच राहतात. म्हणून नवं सीड (वॉलेटचे सगळे पत्ते ज्यातून बनतात ते गुप्त शब्द) बनवा, आणि जुनी नाणी एकगठ्ठा हलवू नका.