तिसऱ्या गिअरचा हिसका

चोर्ला घाट चढताना माझ्या जुन्या स्पोर्ट्स कारचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना क्षणभर अडखळत असे, इंजिनाचे फेरे उगाच वाढत आणि मग पाठीत कोणी गुद्दा घालावा तसा गिअर पडे. एका गॅरेजने संपूर्ण गिअरबॉक्स उतरवण्याचा सल्ला दिला. मला तो घाईचा वाटला.

म्हापशातील एका वयस्क मेकॅनिकने गाडी वर उचलून पाहिली, तेव्हा वायरिंगचा जोड गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथे तेल पाझरून त्यावर लाल धुळीचा थर बसलेला दिसला. जोडाच्या रबरी रिंगा कडक झाल्या होत्या. उरलेले तेल काळपट आणि जळक्या वासाचे निघाले. आम्ही तो जोड, फिल्टर आणि तेल बदलले. या गिअरबॉक्सला तेल मोजण्याची पट्टी नाही. इंजिन चालू ठेवून, तेलाचे तापमान ३० ते ५० अंश सेल्सिअस असताना, भरण्याच्या भोकातून बारीक धार बाहेर येईपर्यंत ते भरावे लागते. गोव्यातील मे महिन्यात ही मर्यादा पाहता पाहता ओलांडली जाते, म्हणून हे काम सकाळी सातलाच उरकले.

घाटात आता गिअर मुकाट्याने पडतो. गाडी थंड असताना मात्र किंचित ओढ अजून जाणवते.