रोप घेताना आधी विचारा, यानं आपल्याकडचा उन्हाळा पाहिला का?

मागच्या मे महिन्यात मी ऑनलाइन पाच गुलाबांचा सेट मागवला, स्वस्त दिसला म्हणून. आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात, कुरिअरवाला गावात येतच नाही, आर्वीतूनच फोन लावते का "पार्सल आलं, घेऊन जा". मी गेलो तिसऱ्या दिवशी, डबा घरी आणून उघडला त आत उकडलेली भाजी. विकणाऱ्याले शिव्या देऊन झाल्या, पण खरं सांगू का, 45 डिग्रीत रोप मागवणारा मीच शहाणा.

तेव्हापासून एकच गोष्ट पाहतो, झाड वाढलं कुठं. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत जी शोभेची झाडं दिसतात ना, त्यातली पुष्कळशी आंध्रातल्या कडियमहून ट्रकनं येतात. तो गोदावरीकाठचा दमट भाग, तिथलं टवटवीत क्रोटन आपल्या कोरड्या उन्हात ठेवलं की आठ दिवसांत पानं टाकते. म्हणून घेऊच नका असं नाही, फक्त माल उतरल्या उतरल्या उचलू नका. सरळ विचारा, भाऊ हे कधी आलं? महिना-दीड महिना इथंच ग्रीन नेटखाली काढून नवीन पालवी फुटली असेल त बिनधास्त घ्या. पावसाळ्यात आलेला माल दिवाळीच्या आसपास घेतला त बहुतेक जगतो.

अन् फुलं पाहून भुलू नका, पन्नी उचलून बुड पाहा. बुडातून जाड मूळ निघून जमिनीत घुसलेलं असते, माळी ते हिसका देऊन तोडते अन् हसत हसत आपल्या हातात देते, मग घरी आल्यावर झाड मान टाकते अन् आपण म्हणतो पाणी कमी पडलं. पान उलटून पाहा, पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसला त तो मिलीबग, राहू द्या तिथंच. पन्नीत लव्हाळा उगवलेला असेल तरी नको, एक गाठ अंगणात गेली की तुम्ही उपटत बसा जन्मभर.

फळझाडाचं मात्र वेगळं. बाबांनी एकदा फिरत्या गाडीवाल्याकडून संत्र्याची दोन कलमं घेतली, चार वर्षं पाणी घातलं, एकाले लागले जाड सालीचे आंबट गोळे, काटे त विचारूच नका. वरचा डोळा, म्हणजे कलम करताना बसवलेला संत्र्याचा कोंब, मेला होता अन् ज्याच्यावर तो बसवतात तो खालचा जंबेरीचा (आंबट लिंबाच्या जातीचा) खुंटच वाढला होता, गाडीवाला कुठं सापडते मग! फळझाडांची रोपं विकायले 1969 च्या कायद्यानं परवाना लागते, तो विचारा अन् पक्की पावती घ्या. आम्हाले जवळ पडते ते सेलसुऱ्याचं कृषी विज्ञान केंद्र, नाही त नागपूरची लिंबूवर्गीय संशोधन संस्था, अकोल्याकडच्यांसाठी पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. आधी फोन करून जा, कारण पाहिजे ते रोप दरवेळी शिल्लक असेलच असं नाही. वरुड-शेंदूरजनाघाटकडे संत्र्याच्या नर्सऱ्या ढिगानं आहेत, तिथं डोळा वीतभर उंच भरलेला आहे का ते पाहा, खाली असला की ओली माती जोडाले लागते अन् मग डिंक्या रोग, खोडातून डिंक गळते.

ऑनलाइन मी आता बिया, निशिगंध-लिलीचे कंद अन् जाड बुडाचं अडेनियम एवढंच मागवतो, हे चार-पाच दिवस डब्यात पडले तरी मरत नाहीत. अॅमेझॉन-फ्लिपकार्टवर विकणारा दरवेळी वेगळा असू शकते, म्हणून त्याचं नाव पाहा, अन् फोटो त्याचे नाही, घेणाऱ्यांनी टाकलेले पाहा. निळा गुलाब, सप्तरंगी गुलाबाच्या बिया दिसल्या की ते दुकानच बंद करा, असलं झाड नसतेच. जिवंत रोप मागवायचंच असेल त ऑगस्ट ते जानेवारी, पिनकोड टाकून किती दिवस लागतात ते आधी पाहायचं, ऑर्डर अशी टाकायची की मधात रविवार येणार नाही, पत्ता तालुक्यातल्या ओळखीच्या दुकानाचा द्यायचा अन् डबा फोडताना मोबाइलवर व्हिडिओ काढायचा, मेलेलं निघालं त पैसे मागायले पुरावा राहते.

अन् मधुमालती, जास्वंद, कन्हेर याले पैसे कायले घालवता बा? जुलैत झड लागली की गल्लीत फिरा अन् फांद्या मागा, त्या झाडांनी त तुमच्याच गल्लीतले उन्हाळे काढले आहेत. आमचा डबल मोगरा शेजारच्या काकूंचा. त्यांच्या अंगणातच फांदी वाकवून मातीत दाबली, वर विटेचा तुकडा ठेवला, अन् पोळ्यानंतर मुळं फुटल्यावर कापून आणली. काकू बदल्यात गवती चहाचा ठोंब घेऊन गेल्या.