हिरव्या टोपणाची नळी आणि लिथियमवाले तारे

ठाण्यात नौपाड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी 26 वर्षं फ्लेम फोटोमीटर चालवला, म्हणजे ज्योतीच्या उजेडावरून रक्तातले क्षार मोजणारं यंत्र. सोडियम-पोटॅशियम रोजचंच. लिथियम मात्र मानसोपचाराच्या गोळ्या चालू असलेल्यांचं, आठवड्याला चार-पाच नमुने, 671 नॅनोमीटरच्या फिल्टरवर. निवृत्तीनंतर कळलं की ताऱ्यांचं लिथियमही याच तरंगलांबीच्या रेषेवर मोजतात. फक्त ते लोक 6708 अँगस्ट्रॉम म्हणतात (दहा अँगस्ट्रॉम म्हणजे एक नॅनोमीटर), आणि ज्योतीत उजळणारी रेषा ताऱ्याच्या वर्णपटात काळी दिसते. तेव्हापासून पावसाळ्यातला माझा हाच उद्योग: घरबसल्या लिथियमवाले तारे शोधणं. एरवीही त्या दिवसांत ठाण्याच्या आकाशात ढगांशिवाय दिसतंय काय?

शोधायचं काय, ते आधी सांगते. लिथियम भारी नाजूक, सुमारे 25 लाख केल्विनला जळून जातं. म्हातारा तारा फुगला की त्याचे वरचे थर खोलवर घुसळले जातात आणि उरलंसुरलं लिथियमही ताकात पाणी ओतल्यासारखं पातळ होतं. म्हणजे लाल राक्षसी ताऱ्यात ते नसल्यात जमा असायला हवं. तरी 1982 साली वॉलरस्टाइन आणि स्नेडन यांना एचडी 112127 या ताऱ्यात ते भरपूर सापडलं. असे तारे शंभरात एखादाच.

माहिती फुकट आहे. ऑस्ट्रेलियातल्या सायडिंग स्प्रिंगच्या 3.9 मीटर दुर्बिणीवरून झालेल्या ‘गलाह’ सर्वेक्षणाची तिसरी आवृत्ती घ्या, 5,88,571 ताऱ्यांची. फाइल मोठी आहे, मी रात्री डाउनलोडला लावून झोपले. उघडायला टॉपकॅट नावाचा, मोठे तक्ते हाताळणारा प्रोग्रॅम लागतो. भाच्याने जावा टाकून दिलं आणि म्हणाला, “मावशी, आता एक्सेल विसर.”

राक्षसी तारे वेगळे काढायला तापमान 5730 केल्विनच्या खाली आणि लॉग-जी (ताऱ्याच्या पृष्ठभागावरचं गुरुत्व, लॉगमध्ये) 3.2 च्या खाली ठेवा. वर्णपटाच्या दर्जाचा फ्लॅग, म्हणजे खुणेचा आकडा, 0 हवाच, आणि सिग्नल-नॉइज (खरा संकेत गोंगाटाच्या किती पट) 30 च्या वर. मग नवा कॉलम करा: लिथियम-लोह गुणोत्तर, अधिक लोह-हायड्रोजन गुणोत्तर, अधिक 1.05. हे 1.05 म्हणजे आपल्या सूर्याचं लिथियम. उत्तर 1.5 किंवा जास्त आलं तर तारा लिथियमवाला. आकडा लॉगमध्ये आहे हे विसरू नका: 1.5 म्हणजे एक लाख कोटी हायड्रोजन अणूंमागे जेमतेम 32 लिथियमचे, आणि उल्कांमधलं 3.3 म्हणजे सुमारे 2000.

लिथियमचा स्वतःचा एक वेगळा फ्लॅग असतो. तिथे 1 असेल तर ती नुसती वरची मर्यादा, आपण रिपोर्टात ‘0.2 पेक्षा कमी’ लिहायचो तशी. ते तारे सरळ काढून टाका. याच आकडेवारीवरून संशोधकांनी 2021 मध्ये 1262 तारे काढले, राक्षसी ताऱ्यांच्या 1.2 टक्के. तुमची यादी याच्या कितीतरी पुढे गेली तर गाळणीत भोक आहे.

यादी झाली म्हणजे काम संपलं असं समजू नका. एकदा बाहेरच्या दवाखान्यातून आलेल्या नमुन्यात लिथियम लिटरला 3.1 मिलिमोल निघालं. 1.5 च्या पुढे विषबाधेची धास्ती. मी सही करून रिपोर्ट पाठवला. पेशंटची बायको फोनवर रडवेली, आणि पेशंट ठणठणीत, स्टेशनच्या स्टँडवर रिक्षा लावून बसलेला! मग नळी पाहिली. हिरवं टोपण, लिथियम हेपॅरिन. रक्त गोठू नये म्हणून नळीत घातलेलं औषधच लिथियमचं.

ताऱ्यांची हिरवी नळी म्हणजे 6707.4 वरची लोखंडाची रेषा. थंड, धातूंनी श्रीमंत ताऱ्यात ती लिथियमला चिकटून बसते. म्हणून डेटा सेंट्रल या खगोल-माहितीच्या संकेतस्थळावरून त्या ताऱ्याच्या चार वर्णपटांपैकी तिसरा, लाल पट्ट्याचा, उतरवून डोळ्यांनी पाहा. आधी 6717.7 ची कॅल्शियमची रेषा जागेवर आहे ना ते बघा. ती सरकलेली असेल तर ताऱ्याच्या वेगामुळे रेषा जेवढ्या सरकतात तेवढं वजा झालेलं नाही, आणि सेकंदाला 18 किलोमीटरची चूक तुम्हाला लोखंडालाच लिथियम म्हणायला लावेल. कॅल्शियम जागेवर असेल तर लिथियमचा तळ 6707.8 ला हवा. डावीकडे लोखंडाचा छोटा खांदा दिसला तर चालेल. सगळा खड्डाच फताडा असेल तर तारा जोरात गरगरतोय, त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह.

हे लिथियम येतं कुठून, यावर वाद आहे. कॅमेरॉन आणि फाउलर यांनी 1971 मध्ये वाट दाखवली: आत हीलियमपासून बेरिलियम-7 बनतं, त्याचं अर्धायुष्य 53 दिवसांचं. तेवढ्यात ते वरच्या थंड थरात पोचलं तर तिथे त्याचं लिथियम होऊन टिकतं. बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या गटाने 2020 मध्ये दाखवलं की गाभ्यात हीलियम पेटण्याच्या सुमारास साध्या, सूर्यासारख्या ताऱ्यांतही लिथियम सुमारे 40 पट वाढतं. त्यामुळे यादीत लॉग-जी 2.4 च्या आसपास गर्दी दिसली तर दचकू नका, हीलियम जाळणारे तारे तिथेच जमतात. अजून हायड्रोजनच जाळणारे काही तारेही तिथूनच जातात. केप्लर या अवकाश दुर्बिणीने टिपलेली ताऱ्याची थरथर असेल तरच दोघांची खात्रीने फोड होते: कंपनांमधलं अंतर शंभर सेकंदांच्या आत तर हायड्रोजन, अडीचशे-तीनशेच्या घरात तर हीलियम.

पहिल्या रात्री मी 11 वर्णपट पाहिले. तीन खोडले, दोघांपुढे प्रश्नचिन्ह. उरलेल्या सहांवर दुसऱ्या दिवशी, चहा झाल्यावर, पुन्हा नजर टाकून मगच सही केली.