नदीकाठच्या तटाची डागडुजी: आधी पाणी, मग पिंपळ, शेवटी चुना

नदीला पूर असताना काठचा तट सहसा पडत नाही. पूर उतरला की पडतो. चढलेलं पाणी बाहेरून भिंतीला टेकू देत असतं. ते झपाट्यानं उतरतं, पण दर्शनी दगडांमागचा गाभा आणि भरावाची माती ओलीच राहते. टेकू गेला, आतला दाब तसाच. भिंतीला पोट येतं, मग दगड सुटतात. नागपूरहून वर्धेकाठी बल्लारपूरला, इरई-झरपटीलगतच्या चंद्रपूरच्या परकोटावर किंवा वैनगंगेकाठी पवनीला श्रमदानाला जाणाऱ्यांनी म्हणूनच पहिली फेरी पाणी शोधायला मारावी. झाडू-विळे नंतर.

त्याआधी लेखी परवानगी. केंद्र-संरक्षित वास्तू असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं नागपूर मंडळ, राज्य-संरक्षित असेल तर राज्याचं पुरातत्त्व संचालनालय. तिच्याशिवाय दगडाला हात लावायचा नाही.

पावसाळ्यात तटामागे पाणी कुठे साचतं ते नकाशावर मांडा. जुन्या मोऱ्या आणि पाणी निघायची भोकं माती-कचऱ्यानं बुजलेली असतात. ती हातानं मोकळी करा, पहार मारू नका. एप्रिल-मेमध्ये नदी आटली की पायथा तपासा. पायाखाली बांबू सहज आत गेला तर प्रवाहानं माती खाल्ली आहे. ते काम, आणि पोट आलेली भिंत, हे दोन्ही संवर्धन अभियंत्याचं. तडा वाढतोय का हे मात्र कुणीही पाहू शकतं: २-३ मिलिमीटर जाडीची काचेची पट्टी तड्यावर आडवी, दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसनं पक्की, वर तारीख. काच तडकली की भिंत हलतेय.

पिंपळ, वड, उंबर ओढून काढायचा मोह सगळ्यांना होतो. पेन्सिलीएवढं रोप ओल्या सांध्यातून मुळासकट निघतं, तेवढंच ओढा. त्याहून जाड मूळ दगडांमागे पसरलेलं असतं. ओढलं की चार दगड सोबत येतात. खोड १५-२० सेंटिमीटर ठेवून कापा आणि ताज्या कापावर परवानाधारक माणसाकडूनच तणनाशक ब्रशनं लावून घ्या. नदीकाठी फवारा नकोच. नुसतं कापून सोडलेलं झाड पुढच्या पावसात दुप्पट फांद्या काढतं. मेलेलं मूळ कुजून पोकळी होते, तीत नंतर पातळ चुना भरावा लागतो.

सांधे भरताना सिमेंट वापरू नका. ते दगडापेक्षा घट्ट बसतं, ओल अडवतं. मग ओल दगडातून निघते आणि दगडच झडतो. कळीचा (भाजलेला, न विरवलेला) चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. उकळून उडतो, चष्मा आणि हातमोजे हवेतच. गाळून किमान महिनाभर पाण्याखाली मुरू द्या. न विरलेले खडे राहिले तर भिंतीत गेल्यावर लाहीसारखे फुटतात. कोरड्या वरच्या भागाला एक चुना, तीन रेती. पूररेषेखाली साधा चुना घट्ट होत नाही, तिथे चुना, सुरखी (विटेची भुकटी), रेती समप्रमाणात. सुरखी कमी भाजलेल्या विटेची. जास्त भाजलेली निरुपयोगी.

रेती कन्हानची असो की आणखी कुठली, पावतीची घ्या. बाटलीत रेती-पाणी हलवून रात्रभर ठेवा. गाळाचा थर रेतीच्या आठ टक्क्यांवर गेला तर धुवा. चुन्यात गूळ, बेलफळ, उडीद घालायचा हट्ट नको. जुन्या चुन्याची प्रयोगशाळेत तपासणी करा, त्यात निघालं तर घाला. मे १८१८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या तोफांनी चंद्रपूरच्या तटाला खिंडार पाडलं होतं. अशा भिंतीत जुनं-नवं काम शेजारी असू शकतं, म्हणून नमुने एकापेक्षा जास्त जागांचे घ्या.

सांधा रुंदीच्या निदान दुप्पट खोल, किमान २५ मिलिमीटर उकरा, धुवा, ओला असतानाच चुना दाबून भरा. दगडाच्या कडेपेक्षा जरा आत ठेवा, बाहेर थापलेला चुना आधी सुटतो. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच उरका. मृगाआधी चुन्याला निदान तीन महिने मिळायला हवेत. मार्चनंतरच्या उन्हात चुना वरून सुकतो, आत कच्चाच राहतो आणि नखानं भुगा होतो. भरल्यावर ओली पोती टांगून सात-दहा दिवस ओल टिकवा. पोत्यांवर पाणी हलकेच शिंपडा, पाइपाची धार ताजा सांधा धुऊन नेते.