पणजोबांचं नाव इटलीत कसं शोधायचं

सगळ्यात आधी घरातली लोखंडी पेटी उघडा. मोबाइल नंतर. ज्या घरातला माणूस दुसऱ्या महायुद्धात गेला होता, तिथे बहुतेक वेळा अशी एक पेटी असतेच. जुनी पासबुकं, कुणाच्यातरी लग्नाच्या पत्रिका, रेशनकार्डं, आणि त्यांच्या तळाशी एखादं पदक. आमची पेटी अजनीच्या घरात आबांच्या पलंगाखाली होती. आबा, म्हणजे माझे आजोबा, रेल्वेत लागले म्हणून साताऱ्याकडून नागपूरला आले, तेव्हा ती त्यांच्यासोबत आली आणि तिथेच राहिली.

मी सतरा वर्षांची आहे. माझे पणजोबा मराठा पलटणीत होते. इटलीत गेले ते परतले नाहीत. आबा तेव्हा दोन वर्षांचे होते. तार आली, पुढे पणजीला पेन्शनही लागली, पण अस्थी आल्या नाहीत. मग गावात बोलणं सुरू झालं, ‘त्यानं तिकडंच बायको केली.’ पणजीने हे मरेपर्यंत ऐकलं. मी आणि माझी आत्या इटलीतल्या फोर्लीला जाऊन तिथल्या स्मारकावर त्यांचं नाव वाचून आलो. तुमच्याही घरी असं कुणी असेल तर कसं शोधायचं ते सगळं सांगते.

पेटी आणि माणसं

पदक सापडलं तर त्याला पितांबरी लावून घासू नका. भारतात वाटलेल्या पदकांवर बहुतेकदा शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते, आणि ती अक्षरं उथळ असतात. गोल पदकाची कडा बघा, ताऱ्याच्या आकाराचं असेल तर मागची बाजू बघा. खिडकीशी उभं राहून, पदक तिरपं धरून, भिंगातून. नंबर एका कागदावर उतरवा, कारण पुढचं सगळं त्या नंबरावर चालतं. फीत टिकली असेल तर ती बरंच सांगते. लाल-पांढरा-हिरवा-पांढरा-लाल असे पट्टे असतील तर तो इटली स्टार, म्हणजे माणूस ११ जून १९४३ ते ८ मे १९४५ या काळात सिसिली किंवा इटलीच्या मोहिमेत होता. गडद निळ्यावर मधोमध लाल आणि दोन्ही बाजूंना नारिंगी रेघ असेल तर ब्रह्मदेश.

गावात संगमरवरी पाटी असेल तर तारीख वाचून घ्या. आपल्याकडच्या बऱ्याच पाट्या पहिल्या महायुद्धाच्या, १९१४ ते १९१९च्या आहेत.

मग घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला. ‘युद्धाबद्दल सांगा’ म्हटलं तर कुणी काही सांगत नाही. आबा मला एवढंच म्हणाले, “काय करायचंय लेकी आता त्याचं?” पण त्यांच्या वडलांच्या वडलांचं नाव काय, आईला गावात काय म्हणायचे, तेव्हा गावाचा तालुका कुठला, असं विचारलं की ते बोलायला लागले आणि मग थांबेचनात. फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. ही नावं नुसती आठवण म्हणून हवी असतात असं नाही, पुढे ओळख पटवायला लागतात.

नोंद शोधताना

युद्धात मरण पावलेल्यांची नोंद कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या, म्हणजे त्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या, वेबसाइटवर फुकट शोधता येते. अडचण नावांची आहे. कारकुनाला जसं ऐकू आलं तसं त्याने इंग्रजीत लिहिलं, आणि कित्येकांचं आडनावच नाही. म्हणून नाव टाकून शोधत बसू नका. देश इटली, पलटण ‘फिफ्थ मराठा लाइट इन्फन्ट्री’ (तेव्हाच्या जुन्या स्पेलिंगने, मराठात एच आधी आणि टी दोन), वर्ष १९४३ ते १९४५, असं लावून पूर्ण यादी उतरवून घ्या आणि एकेक ओळ वाचा. वेळ लागतो. आईने दोनदा जेवायला हाक मारली तरी मी उठले नव्हते. शेवटी नंबर जुळला. नोंदीत वडलांचं नाव, खाली ‘अमुकीचा पती’ म्हणून पणजीचं नाव, गाव, जिल्हा सातारा. मृत्यूची तारीख १० एप्रिल १९४५. इटलीतल्या जर्मन फौजांची शरणागती २ मे १९४५ला अमलात आली, त्याच्या तीन आठवडे आधी.

मी प्रिंट काढून आबांना दिली. त्यांनी वडलांच्या नावावरून नजर पुढे नेली आणि आईच्या नावावर बोट ठेवून बसले. पणजीला गावात जे सांगितलं जात होतं ते खोटं होतं आणि त्याचा कागद इतकी वर्षं जगात होता, हे मला त्या दिवशी कळलं. मला खूप राग आला. अजूनही येतो.

तारीख मिळाली की घरच्यांसाठी आणखी एक काम होतं. तिथी निघते. आबा वडलांचं श्राद्ध सर्वपित्रीला करायचे, कारण तिथीच माहीत नव्हती. आमच्या गुरुजींनी जुन्या पंचांगावरून ती काढून दिली. वद्य पक्षातली होती.

जे जिवंत परत आले ते या वेबसाइटवर मिळणार नाहीत. त्यांच्यासाठी पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहावं लागतं, नंबर, नाव, गाव आणि तुमचं नातं सांगून. मराठा पलटणीचं बेळगावला आहे. आपल्या विदर्भातल्या अनेक घरांचा धागा महार रेजिमेंटशी जुळेल. ती १ ऑक्टोबर १९४१ला बेळगावात उभी राहिली, दुसरी बटालियन कामठीला, आणि ती पुढे ब्रह्मदेशात गेली. महार रेजिमेंटचं केंद्र आता मध्य प्रदेशात सागरला आहे. पेन्शनचे कागद असतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारा.

आणि बटालियनचा आकडा शोधाच. इटलीत हिंदी सैन्याच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या अशा तीन डिव्हिजन होत्या, आणि मराठ्यांच्या वेगवेगळ्या बटालियन वेगवेगळ्या ठिकाणी लढत होत्या. यशवंत घाडगे तिसऱ्या बटालियनचे, त्यांना १० जुलै १९४४ला वरच्या टायबर खोऱ्यात वीरमरण आलं आणि व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचा सर्वोच्च ब्रिटिश सन्मान, मिळाला. नामदेव जाधव पहिल्या बटालियनचे, त्यांना तोच मान ९ एप्रिल १९४५च्या सेनिओ नदीवरच्या पराक्रमासाठी मिळाला. माझे पणजोबा पहिल्या बटालियनचे. तारीख ताडून बघितली तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते त्याच हल्ल्यात होते.

जाताना

अठराच्या आतल्या मुलांसाठी कागदपत्रं जरा जास्त लागतात. पंधरा ते अठरा वयात पासपोर्ट काढताना पूर्ण दहा वर्षांचा मागता येतो, तोच मागा. इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाला आई-बाबा दोघांची सही असलेलं संमतीपत्र लागतं, किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो, आणि बारा वर्षांवरच्या प्रत्येकाला बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. फी ९० युरो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तो लवकर करा. प्रवासाचं कारण लिहिताना कमिशनच्या नोंदीची प्रत जोडा. पैशांसाठी आबांनी एफडी मोडली, आत्याने सुट्टी काढली. आई चिमूरकडची, तिला फक्त एकच काळजी, “तिकडं खाशीन काय माय तू?” पीठ, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी तिने बांधून दिली.

आपला माणूस तिथे नेमका कुठे आहे हे निघायच्या आधी समजून घ्या. हिंदू आणि शीख शिपायांचं दहन झालं, त्यामुळे त्यांची कबर नसते, क्रिमेशन मेमोरियलवर नाव असतं. असं मेमोरियल फोर्लीला आहे, सांग्रो नदीकाठीही आहे. ज्यांचं काहीच सापडलं नाही त्यांची नावं कसिनो मेमोरियलवर आहेत, घाडग्यांचं नाव तिथेच आहे. नोंदीत पॅनेलचा किंवा स्तंभाचा आकडा दिलेला असतो, तो लिहून न्या.

फोर्ली हे बोलोन्या ते रिमिनी रेल्वेमार्गावरचं गाव आहे. दोन लष्करी स्मशानभूमी आहेत, म्हणून टॅक्सीवाल्याला ‘इंडियन आर्मी’ हे शब्द दाखवा.

तिथे पोचल्यावर सरळ नावाकडे धावू नका, आधी एक चक्कर मारा. मी मारली. दगडांवर उर्दू, नेपाळी, गुरुमुखी दिसते, पलटणींची नावं वाचता येतात, आणि आपला माणूस एकटा पडलेला नव्हता हे डोळ्यांना दिसतं. नाव सापडलं की दगडावर हळद-कुंकू, तेल, तूप काही लावू नका, डाग जात नाहीत. पुसट असेल तर रुमाल साध्या पाण्यात भिजवून अक्षरांवरून फिरवा, ओल्या दगडावर कोरलेलं लगेच उठून दिसतं आणि फोटोही चांगला येतो. फुलं खाली ठेवा. गावची माती न्यायचा किंवा तिकडची आणायचा विचार सोडून द्या, मातीवर दोन्हीकडे निर्बंध आहेत. आत्याने अथर्वशीर्ष म्हटलं. मला पाठ नव्हतं, मी आबांना व्हिडिओ कॉल लावून फोन नावासमोर धरला.

भेटवहीत काय लिहायचं हे घरून ठरवून जा, कारण तिथे सुचत नाही. माझी अडचण वेगळी होती, आणि ती सांगायलाच हवी. १६ ऑगस्ट १९४२ला ‘छोडो भारत’ आंदोलनात चिमूर पेटलं तेव्हा आईचे आजोबा त्या धरपकडीत तुरुंगात गेले. शाळेत पंधरा ऑगस्टला मी दरवर्षी त्यांच्यावर भाषण करायची. बाबांचे आजोबा त्याच वर्षी इंग्रजांच्या गणवेशात होते, ते मी कधीच कुणाला सांगितलं नाही. लाज वाटायची. फोर्लीच्या भिंतीसमोर ती लाज मला धरून ठेवता आली नाही. साताऱ्याच्या कोरडवाहू गावातून वीस-बावीस वर्षांचा मुलगा पगारासाठी भरती झाला, आणि इथे फॅसिस्टांच्या हातून सुटत असलेल्या लोकांच्या शेतात मेला. चिमूरचा माणूस ज्यांच्याविरुद्ध उभा राहिला, त्यांच्याच सैन्यात. दोघांचंही रक्त माझ्यात आहे. मी वहीत दोघांची नावं लिहिली. आता भाषणातही दोघं असतात. तुमच्या घरीही असं दुहेरी निघालं तर त्यातला एक लपवू नका.

एक दिवस सेनिओ नदीसाठी ठेवा. अल्फोन्सीने गावात या लढाईचं संग्रहालय आहे, नकाशे बघायला तिथे जा, मग नदीवर. नदी बारीक आहे, नाग नदीएवढी वाटली मला. पण दोन्ही काठांना गवताचे उंच बांध आहेत, आणि जर्मनांच्या मशीनगन त्या बांधांत पोखरून बसवलेल्या होत्या. नामदेव जाधवांनी जखमींना नदीतून पार नेलं आणि मग एकट्याने तीन मशीनगन ठाणी बंद पाडली, हे पुस्तकात वाचताना कळत नाही. बांध चढून बघा. मला वर पोचेपर्यंत धाप लागली, आणि माझ्या पाठीवर फक्त पाण्याची बाटली होती. समोर पीच आणि किवीच्या बागा. आत्या म्हणाली, “अगं, आजोबांनी बहुतेक हा बांध ओलांडलाच नसेल.” मला तो ओलांडायचा होता म्हणून मी पलीकडे उतरून नदीच्या पाण्यापर्यंत गेले.

परत आल्यावर

नोंदीत चूक असेल तर कमिशन पुराव्यावरून दुरुस्त करतं. आमच्या नोंदीत गावाचं नाव इतकं बिघडलेलं होतं की ते जिल्ह्यात सापडेना. त्यासाठी पेन्शनचा कागद, पदकाच्या कडेचा फोटो, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि नातं सांगणारं पत्र असं एकत्र स्कॅन करून ईमेल करायचं. पत्रात नंबर पहिल्या ओळीत लिहा. नोंदीची आणि फोटोची एक प्रत गावच्या ग्रामपंचायतीत द्या, एक पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसला पाठवा. गावात आम्ही प्रत दिली तेव्हा आबांनी ती आधी पारावर मोठ्याने वाचून दाखवली, तारखेसकट.