स्क्रीनचा शीण आणि न्यूरोफीडबॅक: घरच्या घरी सत्र कसं घ्यावं

दिवसाचे आठ-दहा तास स्क्रीनसमोर गेले की लॅपटॉप मिटल्यावरही डोकं चालूच राहतं, हात आपोआप फोनकडे जातो, आडवं पडलं तरी झोप लागत नाही. न्यूरोफीडबॅक, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरी मोजून त्या बदलल्या की लगेच इशारा देणारा सराव, वापरून पाहायचा तो या तक्रारींसाठी. डोळ्यांचा कोरडेपणा आणि मानदुखी त्याने जात नाही. त्यासाठी पापण्यांची उघडझाप, दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब पाहणं आणि टेबल-खुर्चीची उंची याच गोष्टी बघाव्या लागतात. फिट येण्याचा त्रास असेल किंवा झोपेची, नैराश्याची औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांशी बोला. औषध स्वतःहून बंद करू नका.

डोक्यावर बसवायचा इलेक्ट्रोड (वायर जोडलेली छोटी चकती) फक्त मोजतो, डोक्यात वीज सोडत नाही. ठरवलेली लहर वाढली की सॉफ्टवेअर आवाज देतं आणि मेंदू त्या आवाजाच्या मागे जायला शिकतो. आपल्याला हवी ती १२ ते १५ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १२ ते १५ वेळा हलणारी, एसएमआर (सेन्सरीमोटर ऱ्हिदम) लहर: अंग स्थिर, मन जागं. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात मेंदूसंशोधक बॅरी स्टर्मन यांनी मांजरांना हीच लहर वाढवायला शिकवलं होतं. तरी अपेक्षा माफक ठेवा. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) असलेल्या मुलांना वेगळ्या पद्धतीचा फीडबॅक दिला होता. त्यात खरा फीडबॅक मिळालेली आणि खोटा मिळालेली मुलं जवळजवळ सारखीच सुधारली. म्हणून कुठल्या केंद्रात चाळीस सत्रांचे पैसे एकदम भरू नका. सुरुवातीपूर्वी आठवडाभर आणि पुढे सराव चालू असेपर्यंत वहीत रोज तीन गोष्टी लिहा: स्क्रीनचे तास, झोप लागायला गेलेली मिनिटं, डोकेदुखी. खरा निकाल त्या वहीत दिसेल.

एका चॅनलचं (एकाच जागेची नोंद घेणारं) ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरी मोजणारं, यंत्र पुरतं, पण इलेक्ट्रोड डोक्याच्या माथ्यावर लावता आला पाहिजे. तयार हेडबँडचे सेन्सर बहुधा कपाळावर आणि कानांमागे असतात. तिथे डोळ्यांची आणि स्नायूंची हालचाल इतकी मिसळते की एसएमआरसाठी ते कामाचे नाहीत.

आदल्या रात्री केस धुवा आणि तेल लावू नका. खोबरेल तेलाचा पातळ थरसुद्धा सिग्नल बिघडवतो. नाकाच्या मुळाशी असलेल्या खळग्यापासून डोक्यामागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत टेप धरा आणि मध्यावर खूण करा. मग एका कानाच्या पुढून दुसऱ्या कानाच्या पुढपर्यंत मोजून मध्य काढा. दोन्ही मध्य जुळतात ती जागा सीझेड; इलेक्ट्रोड इथेच लावायचा. केस बाजूला करून त्वचा घासणाऱ्या जेलने हलकेच चोळा, वाटाण्याएवढी वाहक पेस्ट घेऊन इलेक्ट्रोड दाबून बसवा. रेफरन्स इलेक्ट्रोड (ज्याच्याशी सिग्नलची तुलना होते तो) एका कानाच्या पाळीवर, ग्राउंड (यंत्राला जोडणारा तिसरा) दुसऱ्या पाळीवर. इम्पीडन्स, म्हणजे त्वचा आणि इलेक्ट्रोडमधला विजेचा अडथळा, ५ किलोओहमच्या खाली आला पाहिजे. येत नसेल तर त्वचा पुन्हा घासा, नुसती पेस्ट वाढवून भागत नाही. लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा, नाहीतर ५० हर्ट्झची गुणगुण सिग्नलमध्ये शिरते.

आता सिग्नल तपासा, ही पायरी कधीच गाळू नका. पापणी मिटली की मोठी, संथ लाट दिसावी. दात आवळले की २० हर्ट्झच्या वरचा भाग उसळावा. हे दिसत नसेल, तर तुम्ही मेंदू नाही, सैल वायर मोजताय.

फीडबॅक आवाजात घ्या. स्क्रीनने शिणलेल्या माणसाला पुन्हा स्क्रीनवरच्या खेळाकडे बघायला लावणं आम्हाला पटत नाही. लॅपटॉप पाठीमागे ठेवा, नजर भिंतीवर सैल सोडा. पहिली दोन मिनिटं आवाजाशिवाय नोंद घ्या. मग सॉफ्टवेअरमध्ये १२ ते १५ हर्ट्झला बक्षीस (वाढली की आवाज), ४ ते ८ आणि २० ते ३० हर्ट्झला अटकाव (वाढल्या की आवाज बंद), आणि आवाज साधारण ६० ते ७० टक्के वेळ मिळेल असा थ्रेशोल्ड (आवाज सुरू होण्याची मर्यादा) ठेवा. तीन मिनिटं सराव, एक मिनिट विश्रांती, अशा पाच फेऱ्या; आठवड्यातून दोन-तीन वेळा.

सगळ्यात जास्त बिघडतं ते जोर लावल्यामुळे. आवाज मिळवायचाच म्हणून माणूस जबडा आवळतो, खांदे वर घेतो, स्नायूंमुळे २० हर्ट्झच्या वरचा भाग वाढतो आणि आवाज बंद पडतो. जीभ सैल सोडा, ओठ मिटलेले पण दात सुटे ठेवा, श्वास लांब सोडा. दुसरी चूक आपोआप बदलणाऱ्या थ्रेशोल्डची: तो गुण कायम तेवढेच दाखवतो, त्यामुळे प्रगती कळत नाही. फेरीपुरता तो पक्का ठेवा. सत्रानंतर डोकं दुखलं, चिडचिड झाली किंवा झोप आणखी बिघडली, तर पुढचं सत्र थांबवा आणि जाणकाराला दाखवा.

सत्र संपल्यावर अर्धा तास फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. पेस्ट कोमट पाण्याने लगेच धुवा, वाळली की केसांतून सहज निघत नाही. दहा-बारा सत्रांनंतर वही उघडा. स्क्रीनचे तास तेवढेच असताना झोप लागायला कमी वेळ लागत असेल तर सराव चालू ठेवा. तास कमी झाले म्हणूनच झोप सुधारली असेल, तर यंत्र कपाटात ठेवा आणि तास आणखी कमी करा.